समजून घ्यायचा उकार

आमच्या वाचनालयाने प्रौढांसाठी जे मोफत वर्ग सुरू केले, त्यांच्या पाटीवर ‘मोफत’ हा शब्द नव्हता. अध्यक्षांना तो चालत नव्हता. अध्यक्ष कापसाचे अडते होते. मानवतला त्यांची मोठी आडत होती, आणि ज्याच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या कापूस हलतो त्याला शब्दांतलं कळत असणारच, अशी मंडळाची समजूत होती. ‘मोफत’ हा निजामाच्या काळातला शब्द, तो निजामाबरोबरच गेला पाहिजे, असं ते म्हणाले. कुणीतरी ‘फुकट’ सुचवला. तो आपलाच होता, पण तसं लिहिलं तर लोक वर्गाबद्दल आधीच मत बनवतील अशी भीती निघाली. शेवटी ‘विनामूल्य’ ठरला. अध्यक्षांनी “मंजूर. हुकूम काढा,” असं म्हणून विषय संपवला. ‘मंजूर’ आणि ‘हुकूम’ कुणाबरोबर जायला हवे होते हे कुणी विचारलं नाही. चहा आला होता.

पाटी नवी केली नाही. जुन्या उर्दू पाटीलाच पांढरा रंग देऊन वर मराठी अक्षरं काढली. पहिल्याच उन्हाळ्यात रंग तडकला आणि खालची अक्षरं हळूहळू वर आली. त्यानंतर आमचं वाचनालय डावीकडून वाचलं तर एक होतं आणि उजवीकडून वाचलं तर दुसरं.

पाटीवरचा मजकूर होता, ‘विनामूल्य प्रौढ वर्ग, रोज सायंकाळी’. गावाने ‘विनामूल्य’ हे शिकवणाऱ्याचं आडनाव धरलं. शिकवणारा मी होतो. माझं शिक्षण नगरला आत्याकडे झालं होतं, म्हणजे मराठी शाळेत, आणि गावातल्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. एवढ्या पात्रतेवर मला वाचनालयाचा चिटणीसही केलं होतं आणि वर्गही दिला होता. लोक दारात येऊन विचारायचे, “विनामूल्य मास्तर हायेत का?” पहिल्या पहिल्यांदा मी खुलासा करत असे. पुढे एका लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर ‘श्री. विनामूल्य गुरुजी, सहकुटुंब सहपरिवार’ असं लिहिलं होतं. लग्नाला गेलो, जेवलो, आणि त्या दिवसापासून खुलासा बंद केला.

उद्घाटनाला बाहेरून पाहुणे आणले होते. ते उशिरा आले आणि मग उशीर भरून काढण्यासाठी बराच वेळ बोलले. आधी त्यांनी ज्ञानाला गंगा म्हटलं, मग दिवा म्हटलं, आणि शेवटी रोपटं म्हटलं. त्यामुळे ज्ञानाला आम्ही तेल घालायचं की पाणी, हे अखेरपर्यंत स्पष्ट झालं नाही. टाळ्या झाल्या. आभार झाले. सगळे उठायला लागले तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “भाषणं झाली. आता वाटप कवा?”

त्याला कुणीतरी विनामूल्यचा अर्थ सांगितला होता आणि तो गावाबाहेरच्या वस्तीवरून मुद्दाम आला होता. वाटायचं आहे ते अक्षरं, असं मी त्याला सांगितलं. त्याने मांडीवरची टोपी झटकून डोक्यावर घातली. मग म्हणाला, “बरं. मिळायलंय तर घ्यावं की. सोडायचं कशाला.” आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पाटी-पेन्सिल घेऊन हजर झाला. त्याला सगळे आबा म्हणत. पुढे माझ्या शिकवण्यातला जो काही भाग उपयोगी पडला, तो आबानेच केला. आणि तोही त्याला काही येत नव्हतं म्हणून.

वर्ग दोन होते. एक निरक्षरांचा. त्यात आबासारखे लोक होते. दुसरा वर्ग शिकलेल्यांचा होता, आणि तो जास्त अवघड होता. आमच्याकडे शाळा, कोर्ट, कचेरी सगळं पिढ्यान्‌पिढ्या उर्दूत चाललेलं. माणसं घरी मराठीत भांडायची, मराठीत भजन करायची, मराठीत मरायची, पण मेल्याची नोंद उर्दूत व्हायची. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्यांचा कारभार मराठीत आणायचं ठरलं, तेव्हा असं उघडकीला आलं की निम्म्या कारकुनांना आपल्या आईची भाषा लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी मराठी लेखनाची परीक्षा निघाली. ठरलेल्या वेळेत पास व्हा, नाहीतर घरी बसा, असा हुकूम होता. परीक्षा परभणीला होणार होती.

वाचनालयात गॅसबत्ती एकच होती. त्यामुळे दोन्ही वर्ग एकाच खोलीत, एकाच वेळी भरायचे. बत्तीच्या अलीकडे ज्यांना काहीच येत नाही ते, आणि पलीकडे ज्यांना दुसरंच काहीतरी येतं ते.

या दुसऱ्या वर्गात एका संध्याकाळी माझे सासरे आले.

ते तहसिलीत पेशकार होते. पेशकार म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारा, त्यावर काय हुकूम द्यावा हे साहेबाला अदबीने सुचवणारा, आणि साहेबाने तो दिला की लिहून काढणारा. साहेब येत आणि जात. पेशकार तिथेच असत. त्यांचं उर्दू अक्षर बघायला वकील लोक थांबायचे. ते अर्ज लिहीत तो नामंजूर झाल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. आता पन्नाशी उलटल्यावर हुकूम आला होता की त्यांनी पुन्हा ‘ग’ ‘म’ ‘भ’ पासून सुरुवात करावी. पेन्शनला काही वर्षं उरली होती. परीक्षा नापास झाली तर खुर्ची जाणार होती, आणि खुर्ची सोडून त्यांना बसता येत असेल असं कुणाला वाटत नव्हतं. सासूबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, “जावईबापू, काय बी करा पण ह्यांना पास करा. जल्मभर कागदावर शेरे मारायची सवय. घरी बसले तर माझ्या आमटीवर शेरे मारतील.”

पण जावयाने सासऱ्याला पास करायचं म्हणजे आधी नापास करता आलं पाहिजे. आमच्याकडे जावई म्हणजे ज्याच्या पुढे पाट मांडायचा तो. आणि सासरा म्हणजे ज्याच्या पुढे जावयाने आवाज चढवायचा नाही तो. मी खुर्चीवर आणि ते सतरंजीवर, हे होणं शक्य नव्हतं. त्यांनी कचेरीतून शिपायाच्या डोक्यावर स्वतःची खुर्ची आणवली. मग मी उभं राहून शिकवायला लागलो. त्यांची वही तपासताना लाल शाई वापरणं मला बरं दिसेना, म्हणून मी पेन्सिलीने, अगदी फिकट, विचारल्यासारखी खूण करायचो. ती त्यांना दिसत नसे.

वही त्यांनी शेवटच्या पानापासून सुरू केली. उर्दू वही तिकडूनच सुरू होते. ओळी डावीकडून लिहायच्या हे त्यांनी मान्य केलं, पण पानं उजवीकडून. दोन्ही राजवटींना थोडं थोडं द्यावं, असा त्यांचा एकंदर स्वभाव होता. ‘ण’ आणि ‘ळ’ ही अक्षरं उर्दूत नाहीत. ती त्यांनी नव्या पाहुण्यांसारखी मानाने बसवून घेतली. जोडाक्षरंही फार छळली नाहीत. अडलं ते भलत्याच ठिकाणी.

मी त्यांना एक वाक्य सांगितलं, ‘दिवस उगवला, विहिरीवर मुलगी गेली.’ त्यांनी लिहिलं, ‘दवस अगवला, वहरीवर मलगी गेली.’

“मामा,” मी म्हणालो, “इथं एक वेलांटी चालेल का?”

“कुठं?”

“‘द’ला.”

“ती आहेच की.”

“दिसत नाही.”

“दिसायची नसते, जावईबापू. समजून घ्यायची असते.”

मग त्यांनी मला उर्दूची रीत सांगितली. त्यात दीर्घ स्वर लिहितात, पण ऱ्हस्व इकार, उकार सहसा लिहीतच नाहीत. त्यांच्या खुणा आहेत, जेर, पेश वगैरे, पण त्या मदरशातल्या पोरांसाठी. शिकलेला माणूस अक्षरांच्या सांगाड्यावरून शब्द ओळखतो. “मोठ्या माणसाला जेर-पेश लावून कागद पाठवला तर तो रागावेल,” ते म्हणाले. “म्हणेल, मला पोर समजतोस काय? वाचणाऱ्याच्या अकलेवर थोडं सोडावं. सगळंच लिहून टाकायचं तर मग वाचणाऱ्याने करायचं काय?”

मराठीत वाचणाऱ्याच्या अकलेवर काही सोडत नाहीत, एवढंच मी सांगू शकलो. ते त्यांना आमच्या भाषेचं फार चांगलं लक्षण वाटलं नाही.

अर्जाच्या शेवटी काय लिहायचं, यावरही एक संध्याकाळ गेली. उर्दूत अर्जदार स्वतःला ‘फिदवी’ म्हणतो, म्हणजे आपल्यावर जीव ओवाळून टाकणारा. मराठीत त्याच्या जागी ‘आपला विश्वासू’ लिहायचं, असं मी सांगितलं.

“मी विश्वासू आहे हे मीच सांगायचं?”

“हो.”

“ते साहेबाने सांगायचं असतं. जीव ओवाळणं आपल्या हातात आहे, ते मी लिहीन. विश्वास त्यांच्या हातात आहे, तो मी कसा लिहू?”

मी फळ्यावर ‘आपला विश्वासू’ लिहिलं आणि तसंच ठेवलं. अलीकडच्या वर्गातले लोकही ते पाटीवर उतरवून घेत होते. आबाने त्या आठवड्यात भेटेल त्याला पाटी दाखवली. कुणाचा विश्वासू, असं विचारलं तर म्हणायचा, “जो वाचंल त्याचा.”

खरी अडचण अशी होती की सासऱ्यांचं लिहिणं मला वाचता यायचं. ‘मलगी’ दिसलं की मी मनातल्या मनात ‘मुलगी’ वाचत असे. त्यांना मी चूक दाखवायचो ती नियम म्हणून. माझं तर काहीच अडत नव्हतं, आणि हे त्यांच्या लक्षात येत असे. “तुम्हाला कळलं ना? मग झालं तर,” एवढं ते म्हणत आणि पुढची ओळ लिहीत. बाकीचे कारकूनही एकमेकांचं लिहिलेलं बिनदिक्कत वाचत. त्या वर्गात सगळे चुकत होते आणि कुणाचंच काही अडत नव्हतं.

अडलं ते आबाचं. त्याला तोवर अक्षरं आली होती. तो बोट ठेवून एकेक अक्षर सोडवायचा आणि जे निघेल ते मोठ्याने म्हणायचा. त्याच्याकडे अंदाज नावाची गोष्ट नव्हती. शब्द ओळखीचा निघाला तर त्याला आनंद व्हायचा, नाही निघाला तर तो विचारायचा. एकदा बत्तीची जाळी फुटली आणि कंदील मध्ये ठेवून सगळ्यांनी दाटीने बसायची वेळ आली. आबा सासऱ्यांच्या खुर्चीपाशी आला आणि त्याची नजर त्यांच्या वहीवर पडली. वाक्य होतं, कुळाने जमीन सोडली. सासऱ्यांनी लिहिलं होतं, ‘कळाने जमीन सोडली.’

“क-ळा-ने,” आबा म्हणाला. “कळ? कुटं आली कळ? पोटात का पाटीत?”

“कूळ आहे ते, आबा. जमीन कसणारा,” सासरे म्हणाले.

“कूळ मी बी हाये की. पर ह्ये तर कळ हाये.” आबाने बोट तिथेच ठेवलं होतं. “आन्‌ कळ येऊन जमीन सोडली म्हंजी लयच जोराची आली आसंल.”

कारकून हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि मग, बहुतेक मिटली हे बरं दिसणार नाही म्हणून, पुन्हा उघडली आणि मला म्हणाले, “दुसरं काहीतरी सांगा.” मी अर्जातलं नेहमीचं वाक्य सांगितलं, ‘सहा महिन्यांची मुदत मिळावी.’ त्यांनी सावकाश लिहिलं आणि वही आबापुढे धरली. इतकी वर्षं ज्या शब्दांत लोकांचे अर्ज लिहिले ते तरी हा वाचेल, असा त्यांचा हिशोब असावा.

“म-द-त,” आबाने वाचलं. “मदत. म-ळा-वी. मळावी.” तो थांबला. “मदत मळावी? कणीक मळत्यात, पेशकारसाब. मदत कशी मळावी? पानी घालून का कोरडीच?”

त्यानंतर सासरे चार-आठ दिवस वर्गाला आले नाहीत. खुर्ची मात्र नेली नाही, त्यावरून मी समजलो की ते येतील.

बायकोकडून कळलं की ते घरी रात्रीच्या जेवणानंतर कंदिलाजवळ बसून लिहितात, आणि कुणी जवळ गेलं की वहीवर हात ठेवतात. एकदा मी गेलो असताना ती वही उघडी राहिली होती. पानभर ‘मिळावी, मिळावी, मिळावी’ लिहिलं होतं. अक्षर दुसरीतल्या पोरासारखं, मोठं, एकमेकाला न चिकटणारं. शेजारी तहसिलीतला उर्दू कागद होता, त्यांच्याच हातचा. त्यातल्या ओळी अशा गेल्या होत्या की लिहिताना हात एकदाही उचलला नसावा. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत असं सांगितलं तर कुणी मानलं नसतं. मी वही होती तशी ठेवली आणि सासूबाईंनी दिलेला चहा पिऊन निघालो.

ते परत आले ते ‘मिळावी’ शिकून. आबाला स्वतः बोलावून त्यांनी ते वाचायला लावलं. आबाने वेलांटीवर बोट ठेवलं, “मि-ळा-वी. आत्ता बरूबर. आत्ता कणीक न्हाई.” सासऱ्यांनी मान हलवली. पण वेलांटीचं ‘महिन्यांची’ आणि ‘मिळावी’पुरतं जे झालं ते बाकी शब्दांचं झालं नव्हतं, आणि उकाराच्या बाबतीत तर त्यांचा विरोध तसाच होता. वेलांटी निदान अक्षराच्या डोक्यावरून येते, हा पायाखाली काय लटकतो, असं ते म्हणत.

परीक्षेची तारीख लागली. मी वर्गात सराव म्हणून एक परीक्षा घेतली आणि खऱ्या परीक्षेत सासऱ्यांचं काय होईल हे आम्हा दोघांनाही दिसलं. मी त्यांना निकाल सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही. बाकीच्या कारकुनांपैकी काहींनी मुदत वाढवून मागितली होती. सगळ्यांना एकच उत्तर आलं होतं, मुदत कोणालाही वाढवून मिळणार नाही.

सासऱ्यांनी ते उत्तर वाचलं आणि म्हणाले, “त्यांना अर्ज लिहिता आले नाहीत.”

त्यांनी स्वतःचा अर्ज लिहिला. उर्दूत नाही, मराठीत. मराठी शिकायला वेळ मागणारा अर्ज मराठीतच असेल तर वरच्या माणसाला अर्जदाराची नियत दिसेल, असा त्यांचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. मी म्हणालो, “मामा, पाठवायच्या आधी एकदा मी बघू का?” ते म्हणाले, “अर्ज तिसऱ्याला दाखवून पाठवायचा नसतो, जावईबापू. त्याची बरकत जाते.” आणि त्यांनी तो टपालात टाकला.

उत्तराची वाट बघण्याच्या दिवसांत आबाने एकदा विचारलं, “पेशकारसाब नापास झाले तर आमच्या वर्गात येतील का? जागा हाय.” सासऱ्यांना ते ऐकू गेलं असावं.

त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. त्या महिन्यात जावई म्हणजे देवाच्या बरोबरीचा असतो. बाकी अकरा महिन्यांत थोडा कमी. मी पाटावर बसलो होतो, सासूबाई आग्रह करत होत्या, आणि तहसिलीचा शिपाई एक लिफाफा घेऊन दारात आला. सासरे जेवणावरून उठले नाहीत. शिपायाला उभं करून त्यांनी ताटातला धोंडा संपवला, हात धुतले, चष्मा लावला आणि मग कागद उघडला. सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच होती.

“मंजूर,” ते म्हणाले. मग मोठ्याने वाचलं, “सहा महिन्यांची मुदत मंजूर.”

सासूबाईंनी माझ्या ताटात एकदम सगळं तूप ओतलं.

“बघा,” सासरे मला म्हणाले. “कोणालाही मिळणार नाही म्हणे.” मग ते पुढे वाचायला लागले आणि थांबले. पुन्हा वाचलं. “हे काय लिहिलंय? मराठी जाणणारा एक कारकून... कारकून कशाला?”

मी उष्ट्या हाताला कागद लागू न देता तो वाचला. त्यात मुदत कुठेच नव्हती. त्यात ‘मदत’ होती; स्पष्ट, टंकलिखित. सासऱ्यांनी सवयीप्रमाणे तिला मनानेच उकार लावून वाचलं होतं. कागदात असं म्हटलं होतं, की अर्जदाराने मराठी लिखाणासाठी सहा महिन्यांची मदत मागितली आहे, मागणी रास्त दिसते, सबब मराठी जाणणारा एक कारकून त्यांच्या मदतीस देण्यात येत आहे. आणि अशी मदत चालू असेपर्यंत अर्जदारास परीक्षेस बसवण्याचे कारण दिसत नाही.

“मामा,” मी विचारलं, “अर्जाची नक्कल आहे का?”

नक्कल असणारच होती. पेशकार नकलेशिवाय अर्ज करत नाही. त्यांनी ती आणली आणि मी शोधत होतो ते वाक्य सापडलं. ‘सहा महिन्यांची मदत मिळावी.’ मिळावीला वेलांटी होती, ठळक, आबाच्या नावाने दिलेली. ‘म’च्या पायाखाली मात्र काही नव्हतं. पहिल्यासारखं ‘मदत मळावी’ लिहिलं असतं तर वरच्या कचेरीने अडाण्याचा कागद म्हणून अंदाजाने वाचला असता, मुदत ओळखली असती आणि नाकारली असती. सगळं बरोबर लिहिलं असतं तरी नाकारलीच असती. अर्धं आलं होतं, आणि त्या अर्ध्यातून एक संपूर्ण शुद्ध वाक्य तयार झालं होतं.

सासऱ्यांनी नक्कल घडी करून खिशात ठेवली. “म्हणजे खुर्ची राहिली,” ते म्हणाले.

“राहिली.”

“बरं मग. वाढा ह्यांना,” ते सासूबाईंना म्हणाले.

मदतनीस कारकून आले ते मुंबई बाजूचे, मध्यम वयाचे, गंभीर गृहस्थ. मानवत रोड स्टेशनवर उतरून गावात पोचेपर्यंत त्यांनी भेटेल त्याला ‘लय’ म्हणजे किती, हे विचारलं होतं. त्यांचं मराठी लिखाण निर्दोष होतं, पण तहसिलीतला एकही जुना कागद त्यांना वाचता येत नव्हता. त्यांनी पहिला कागद हातात घेतला तोच उलटा धरला. सासरे जुना कागद वाचून मराठीत सांगत, ते शुद्ध करून लिहीत. दोघं मिळून एक पूर्ण कारकून होत होते, आणि पगार दोन जात होते, पण ते वरच्या कचेरीला खटकलं नाही. तिथेही सगळीकडे तेच चाललं असावं.

वाचनालयाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी अहवाल वाचला. त्यात विनामूल्य वर्गांमुळे एका ज्येष्ठ सरकारी सेवकाची नोकरी वाचली, असं वाक्य होतं. अध्यक्षांना तपशील माहीत नव्हता, त्यांनी ते आपलं घातलं होतं. त्या अहवालात खरं असलेलं तेवढंच एक वाक्य होतं. टाळ्या झाल्या.

सासऱ्यांनी वर्ग मात्र सोडला नाही. परीक्षेची टांगती तलवार गेल्यावर त्यांना शिकणं एकदम सोपं झालं. इकार, उकार, ऱ्हस्व, दीर्घ, सगळं हळूहळू जागेवर बसलं. सहा महिने संपत आले तोवर ते नव्या आलेल्या एका तलाठ्याला रागावू लागले होते, “वेलांटी कुठाय? वाचणाऱ्याने काय स्वप्न बघायचं?” मी त्यांना परीक्षेला बसा म्हणालो असतो तर ते आरामात पास झाले असते. पण परीक्षा म्हटलं की परीक्षकाचा मूड आला, आणि अर्ज हा त्यांच्या भरवशाचा प्रकार होता.

मदतीची मुदत संपायच्या आठवड्यात ते बत्तीजवळ खुर्ची ओढून नवा अर्ज लिहायला बसले. अक्षर आता बरंच चांगलं झालं होतं. उर्दूसारखं नाही, पण पोराचं राहिलं नव्हतं. आबा शेजारी येऊन ओणवा झाला. त्याला आता बोट ठेवावं लागत नसे, तरी सवयीने तो ठेवायचा. त्याने वाचलं, “स-हा महिन्यांची म-द-त मि-ळा-वी.” मग थोडा खाली वाकला.

“पेशकारसाब, ‘म’च्या पायाला कायतर ऱ्हायलंय बगा. मास्तरनं सांगितलं व्हतं आपल्याला.”

सासऱ्यांनी अर्जावरची शाई फुंकून वाळवली. मग कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “राहू द्या, आबा. ते समजून घ्यायचं असतं.”